आदल्या रात्रीची न्याहारी

सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. जलद लोकल वेळेवर धावली तर बदलापूरहून सीएसएमटीला पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागतो. पण कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने गाडी वळली की जायला एक आणि यायला एक अशा दोनच मार्गिका. लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांचा संसार त्यातच. त्यामुळे ‘वेळेवर’ हा शब्द इथले लोक जरा जपूनच वापरतात. फोर्टात साडेनऊची हजेरी असेल तर पावणेआठच्या आधीची गाडी धरायला हवी, म्हणजे सव्वासातला घराबाहेर पडून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायला हवं.

हा हिशेबही पुरता खरा नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगरचे कितीतरी प्रवासी आधी उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की बसल्या जागेवरून परत येतात. याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. खिडकी नाही तर निदान चौथी सीट मिळते. त्यासाठी जाणारी वीस-पंचवीस मिनिटं कुठून तरी काढावी लागतात. थोडी झोपेतून निघतात, उरलेली न्याहारीतून.

गाडीच्या वेळेवर घरातलं किती काय टांगलेलं असतं हे ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल सोडल्यावर बदलापूरच्या प्रवाशांनी थेट स्थानकाच्या कार्यालयाला घेराव घातला होता. ज्यांची सकाळ मिनिटांवर बांधलेली असते, त्यांना एक गाडी बदलणं म्हणजे सगळं घर पुन्हा मांडणं.

‘धावपळीच्या सकाळी पटकन होणारा पौष्टिक नाश्ता’ हा विषय दिवाळी अंकांना नवा नाही. दहा मिनिटांत दहा पदार्थ, अशा पाककृतींचे ढीग पडलेत. तरी या तीन शहरांत सहा ते साडेसातच्या दरम्यान स्वयंपाकघरांत आणि स्टेशनांबाहेर डोकावलं तर वेगळीच गोष्ट लक्षात येते. ज्यांच्या घरी नाश्ता रोजच्या रोज होतो, ते सकाळी जवळजवळ काही शिजवत नाहीत. त्यांनी ते काम सकाळच्या बाहेर ढकललेलं असतं. कुणी आदल्या रात्रीवर, कुणी गेल्या रविवारवर, तर कुणी दुसऱ्याच कुणाच्या शेगडीवर.

दोन शेगड्या, तीन कामं

सकाळ गाडीच्या आधी पाण्याने सुरू होते. अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं, उल्हासनगरला एमआयडीसी. बदलापूरजवळचं बारवी धरण उशाशी असलं तरी नळाला पाणी येण्याच्या वेळा ठरलेल्या. इमारतीत टाकी असेल तर ठीक. चाळीत आणि बैठ्या वस्तीत मात्र पाणी आलं की हातातलं सोडून भरायला धावावं लागतं. ती वेळ पहाटेची असली की स्वयंपाकाचा पहिला अर्धा तास पाण्यातच जातो.

मग उरते गॅसची शेगडी. बहुतेक घरांत दोन बर्नरची. एकावर चहा, तो उतरला की डब्याची भाजी. दुसऱ्यावर पोळ्यांचा तवा. नाश्ता हे तिसरं काम, आणि त्याला बर्नरच नाही. डबा चुकवता येत नाही, कारण तो दुपारी ऑफिसात उघडायचा असतो. नाश्ता चुकवता येतो. म्हणून त्याची जागा चहा-खारी, चहा-बिस्कीट किंवा चहा-पाव घेतो. मैदा, साखर आणि गरम पाणी एवढ्यावर माणूस गाडीत चढतो. अकराच्या सुमाराला पोट बोलायला लागलं की ऑफिसखालचा वडापाव.

या कोंडीतून निघायचे मार्ग तीनच आहेत, आणि तिन्ही इथल्या घरांना ठाऊक आहेत. पहिला, शेगडी जवळजवळ न लागणारं खाणं: दडपे पोहे, दही-पोहे, ताकात किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ, रात्री भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग, एखादं केळं. दुसरा, पोळ्यांच्याच तव्याचा उपयोग. शेवटची पोळी उतरली तेव्हा तवा तापलेलाच असतो. त्यावर मुगाचं धिरडं, तांदळाचं घावन किंवा थालीपीठ टाकलं तर वेगळा बर्नर लागत नाही आणि वेगळं भांडंही घासायला पडत नाही. तिसरा, काल शिजवलेलं आज गरम करणं: डाळ, उसळ, उकडलेली अंडी, इडलीचं पीठ.

पाककृतींच्या पानांवर ‘तयारीचा वेळ पाच मिनिटं’ असं छापलेलं असतं. त्यात डाळ भिजत पडली तो वेळ धरलेला नसतो, आणि रात्री साडेदहाला ती भिजत घालायची आठवण कुणाला राहते हेही धरलेलं नसतं.

पोहे आधीच शिजलेले असतात

मराठी घरातला सगळ्यात जुना झटपट नाश्ता म्हणजे पोहे, आणि त्यांचं झटपट असणं गिरणीतच ठरतं. भात गरम पाण्यात भिजवतात, भाजतात आणि गरम असतानाच कुटून किंवा रोलरखाली चपटा करतात. म्हणजे दुकानातून पिशवी घरी येते तेव्हा तांदळाचं निम्मं शिजणं झालेलं असतं. आपण फक्त भिजवून फोडणी देतो. कोकणात नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, फोडणीचे पोहे असे तऱ्हेतऱ्हेचे पोहे करायची रीत आहे. नव्या भाताचं कौतुक त्यात आहेच, शिवाय पहाटे उठून अनेकांना एकदम खायला घालायची सोयही आहे.

पौष्टिकपणाच्या बाजूने मात्र पोह्यांची एक अडचण आहे. एका माणसाच्या बशीत साधारण पन्नास-साठ ग्रॅम कोरडे पोहे जातात. त्यातून प्रथिनं मिळतात चारेक ग्रॅम, बाकी बहुतेक पिष्टमय पदार्थ. आता त्यात वीस ग्रॅम, म्हणजे मूठभर, शेंगदाणे घातले की आणखी पाच ग्रॅम प्रथिनं येतात. पोह्यांच्या बशीत पोह्यांपेक्षा शेंगदाण्यांकडून जास्त प्रथिनं मिळावीत, अशी ही मजा आहे. वीस ग्रॅम मूग मोड आणून घातले तर तेवढीच भर पडते. शेजारी एक उकडलेलं अंडं असेल तर सहा ग्रॅम. उपमा आणि शिऱ्याचं गणितही वेगळं नाही. उपम्यात उडदाची डाळ असते, पण फोडणीपुरती. तिला वाटीभर मटार किंवा भिजवलेली मुगाची डाळ जोडली तर तो नाश्ता दुपारपर्यंत टिकतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. शाकाहारी जेवणातल्या प्रथिनांचा दर्जा सुधारायला धान्य आणि डाळ तीनास एक या प्रमाणात एकत्र आणावीत, असं ही संस्था सांगते. देशातल्या एकूण आजारपणाच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, हा आकडाही त्याच पुस्तिकेतला. त्यातली आणखी एक सूचना आपल्या सकाळवर थेट येऊन आदळते: जेवणाखाण्याच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्या पार्श्वभूमीवर पोह्यांवर पिळलेलं लिंबू फार कामाचं आहे, कारण क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं. त्याच पोह्यांबरोबर घेतलेला कपभर चहा मात्र ते काम बिघडवतो.

गंमत अशी की लोकलने प्रवास करणाऱ्या बायकांनी यावर नकळत तोडगा काढलेला आहे. चहा घरी सहाला होतो. खाणं होतं ते डोंबिवली-ठाण्याच्या दरम्यान, बसायला जागा मिळाल्यावर, मांडीवर डबा उघडून. मध्ये तास-सव्वा तास सहज जातो.

गाडीत न्यायच्या पोह्यांची जात मात्र वेगळी. फोडणीचे कांदेपोहे थंड झाले की कोरडे पडतात, घशाखाली उतरत नाहीत. दडपे पोहे उलट डब्यात मुरतात. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर कालवायची, वरून मिरची-हिंगाची फोडणी ओतायची आणि झाकण दाबून ठेवायचं. खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यावर पोहे आपोआप मऊ होतात. शेगडी लागते ती फोडणीपुरती, मिनिटभर. नारळ रात्रीच खवून फ्रिजमध्ये ठेवलेला असला म्हणजे झालं.

कॅम्पातली डाळ

उल्हासनगरात पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प’ म्हणतात. कॅम्प एक, कॅम्प दोन, असं पाचपर्यंत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना इथल्या बराकींत जागा देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर या नावाने वसाहतीची कोनशिला बसली. बराकीत चूल मांडायला जागा थोडी आणि पोट भरायला धंदा उभा करायचा होता. पापड, लोणची, मिठाई घरोघरी होऊ लागली. सकाळचं खाणंही रस्त्यावर आलं ते इथेच.

दाल-पकवान ही इथली सकाळ. पकवान म्हणजे मैद्याची, जिरं-ओवा घातलेली, फुगू नये म्हणून सुरीने टोचलेली मोठी पुरी. मंद आचेवर निवांत तळल्यामुळे ती पापडासारखी कडक होते आणि डब्यात दिवसचे दिवस राहते. डाळ हरभऱ्याची. रात्री भिजत घातलेली, हळद-मीठ घालून शिजवलेली, दाणा अख्खा दिसावा पण बोटाने दाबला की मोडावा, इतपतच. वर जिऱ्या-मिरचीची फोडणी, आमचूर, चिंचेची गोड आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी, कच्चा कांदा. गाडीवाल्याला सकाळी काहीच तळावं लागत नाही. डाळीचं पातेलं मंद आचेवर ठेवून तो बशीमागून बशी भरत जातो. गिऱ्हाईक उभ्याउभ्या पाच मिनिटांत खाऊन रिक्षाकडे वळतं.

रोजच्या आरोग्याला तळलेला मैदा मानवणारा नाही, हे सिंधी घरांनाही माहीत आहे. घरात पकवान बहुधा रविवारी. पण त्या बशीतली डाळ मराठी नाश्त्याला शिकवण देणारी आहे. पोहे, उपमा, शिरा या आपल्या त्रिकुटात डाळ फोडणीला नावापुरती. इथे सकाळी सातला वाटीभर हरभऱ्याची डाळ पोटात जाते. पकवान बाजूला ठेवून तीच डाळ पोळीबरोबर किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली तर तिला नावं ठेवायला आहारतज्ज्ञालाही जागा राहत नाही. रात्री कुकरला लावायची, निवली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायची, सकाळी उकळी आणून फोडणी द्यायची. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेली डाळ आंबते, एवढं सांभाळलं की बाकी सोपं आहे.

दुसरा पदार्थ कोकी. मराठी माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला थालीपीठ वाटतं. करायची पद्धत मात्र निराळी. कणकेत तेलाचं मोहन, भरपूर बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि अनारदाणा. पाणी अगदी बेताचं, कारण कांद्याला नंतर पाणी सुटतं. घट्ट गोळा तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजायचा, खाली उतरवायचा, गरम असतानाच पुन्हा जाडसर लाटायचा, वर सुरीने चिरा पाडायच्या आणि मग तेल सोडत मंद आचेवर पुरता भाजायचा. या दुहेरी भाजणीमुळे कोकी आतून शिजते, बाहेरून खुसखुशीत राहते आणि दिवसभर टिकते. म्हणूनच ती प्रवासाची भाकरी. बरोबर दही आणि पापड. मुलांच्या डब्यात, दुकानाच्या गल्ल्याशेजारी, लोकलच्या रॅकवरच्या पिशवीत ती सारखीच चालते. कणकेत मूठभर बेसन मिसळलं तर तीनास एकचा मेळही जवळपास बसतो.

तिसरा सेयल मानी. कालच्या पोळ्यांचे तुकडे लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटोच्या पातळ रश्शात शिजवलेले. पावाचे केले तर सेयल डबल. आपल्याकडची फोडणीची पोळी यापेक्षा कोरडी, पण बुद्धी तीच. सिंधी घरांत श्रावणाच्या सुमाराला थदडी येते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड खायचं. मराठी घरांतली शिळासप्तमी त्याच सुमाराची. वर्षातून एक दिवस शेगडीला सुट्टी द्यायची ही रीत गाडीच्या वेळेवर धावणाऱ्या घरांनी आठवड्यातून दोनदा पाळली तरी हरकत नाही.

पहिल्या पाळीचा माणूस

अंबरनाथ लोकलच्या आधीपासून भोंग्यावर उठत आलेलं आहे. विम्को ही काड्यापेट्यांची कंपनी इथे १९२०च्या दशकात आली. कारखाना बंद पडला तरी विम्को नाका कायम आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी १९५३ची. आता आनंदनगरची एमआयडीसी आहे, तिथे छोट्या-मोठ्या कारखान्यांत पहिली पाळी सकाळी सहा-सातला लागते. मुंबईला जाणाऱ्याला निदान गाडीत खाता येतं. पहिल्या पाळीच्या माणसाला साडेपाचला घरून निघायचं असतं आणि त्या वेळी भूक लागलेलीच नसते. त्याचा खरा नाश्ता नऊच्या सुटीत.

त्या सुटीत तो काय खातो, हे पुष्कळदा कारखान्याच्या आकारावर ठरतं. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ नुसार अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन बंधनकारक करता येत होतं. तिथे निदान उसळ-पाव, इडली, पोहे मिळतात. पन्नास-साठ माणसांच्या युनिटला अशी अट नाही. त्यांचं कॅन्टीन म्हणजे फाटकाबाहेरची टपरी. तिथे कढई सकाळपासून तापलेली, कारण तळलेलं पटकन देता येतं, हातात धरून खाता येतं आणि बशा धुवाव्या लागत नाहीत. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडापाव जन्मला तोही गिरणी आणि गाडीच्या वेळात माणसाला उभ्याउभ्या खाता यावं म्हणूनच फोफावला. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या तोडीची सोय देणारं दुसरं काही हातात असावं लागतं.

तशी सोय या शहरांत आलेल्या कोकणी आणि घाटावरच्या घरांनी गावाहून बरोबर आणलेली आहे. तिचं नाव भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ फुलायला लागतो तेवढ्यात जिरं जळून जातं. मग सगळं एकत्र करून दळायचं. घरोघरचं माप वेगळं, पण धान्य दोन-तीन वाट्या आणि डाळी मिळून एक वाटी, असा अंदाज बहुतेक घरांत सापडतो. पोषण संस्थेने पुस्तिकेत लिहिलेलं प्रमाण आजीच्या डब्यात असं बसलेलं आहे. दुकानात आज ज्याला ‘प्रीमिक्स’ म्हणून पैसे मोजतात ते हेच, फक्त यात साखर आणि टिकवायची पावडर नसते. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहतं. सकाळी दोन मुठी पीठ, एक कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोक पाडून तेलाचे चार थेंब सोडायचे, झाकण ठेवायचं. थालीपीठ गार झालं तरी चांगलं लागतं, त्यामुळे नऊच्या सुटीतही जमतं. बरोबर दही किंवा शेंगदाण्याची चटणी.

रात्रपाळी करून आलेल्याची सकाळ आणखी निराळी. सकाळी आठला घरी आल्यावर तो खातो ते त्याच्यासाठी रात्रीचं जेवण असतं, कारण लगेच झोपायचं असतं. त्या वेळी तळलेलं आणि तिखट खाऊन आडवं झालं की जळजळ ठरलेली. अशा घरांत ताकातली तांदळाची उकड, मेतकूट घातलेला मऊ भात किंवा नाचणीची आंबील चालते. आंबिलीचं कामही आदल्या रात्रीचंच: नाचणीचं पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी उकळून घ्यायचं, जिरं-मीठ घालून प्यायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात तेवढ्याच वजनाला सव्वाशेच्या आत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यावर नाचणीची बिस्किटं आणि नाचणीचे चिप्स दुकानात दिसू लागले. आंबील मात्र अजून पुडीत मावलेली नाही.

जिन्याखालचा बाजार

बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. मुंबई-ठाण्यात घर परवडेना तशी माणसं या मार्गावर पुढे पुढे सरकत गेली आणि तेवढाच त्यांचा प्रवास वाढला. दोघं नोकरी करणारी, गावाकडचं वडीलधारं माणूस घरात नाही, अशी कुटुंबं इथे पुष्कळ. त्यांच्यासाठी स्टेशनच्या जिन्याखाली आणि रिक्षा स्टँडच्या कडेला एक समांतर स्वयंपाकघर उभं राहिलं.

त्यात सकाळी इडलीवाला. पातेल्यातून निघणारी वाफ दिसतेय तोवर इडली घ्यायला हरकत नाही. तेल नाही, तांदूळ आणि उडदाचा मेळ चांगला, आंबवल्यामुळे पचायला हलकी. जपायचं ते चटणीला, कारण ती उकळलेली नसते आणि खोबरं उन्हात लवकर उतरतं. सांबार असेल तर ते घ्यावं, डाळही पोटात जाते. पलीकडे पोळीभाजी केंद्र. तिथे पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायका ज्यांच्या घरचं काम वाचवतात, त्यांच्यासाठी दोन पोळ्या आणि मुगाची उसळ हा नाश्ता कुठल्याही पाकिटातल्या पदार्थापेक्षा सरस आहे. घरोघरी मात्र केंद्रातली पोळी दुपारच्या डब्यालाच लागते, सकाळी खायचं सुचत नाही.

संध्याकाळी याच जिन्याखाली दुसरा बाजार भरतो. सोललेले मटार, निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, मोड आलेली मटकी प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मिळते. जे विकत घेत नाहीत ते गाडीतच करतात. परतीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात ठाणं गेलं की पिशव्या उघडतात. मेथीची जुडी मांडीवर येते, शेजारीण न सांगता अर्धी ओढून घेते, आणि कल्याण येईपर्यंत उद्याच्या थेपल्यांची किंवा धिरड्यांची निम्मी तयारी झालेली असते.

पावसाळ्यात यात रानाची भर पडते. बारवीच्या आणि मुरबाडच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांतल्या बायका टोपल्या घेऊन बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात बसतात. टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी, शेवळं. शेवळांचं काम घाईचं नाही. त्यात काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून ती रविवारची. टाकळ्याचा कोवळा पाला मात्र चिरून थालिपिठात किंवा मुगाच्या धिरड्यात घातला तर दोन मिनिटांचं काम. ओट्सच्या डब्यापेक्षा स्वस्त, आणि वर्षातून दोन महिनेच मिळणारं.

ओट्सना नावं ठेवायचं कारण नाही. साधे ओट्स उपम्यासारखे भाज्या घालून केले तर चांगलेच लागतात. घोटाळा होतो तो ‘मध-बदाम’ छापाच्या तयार न्याहारीत. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. त्यात साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली, तर पाकिटावरचा धावणारा माणूस कितीही तंदुरुस्त असो, ती मिठाईच.

२८९ आणि ८८

काम सकाळच्या बाहेर ढकललं तरी ते कुणाच्या तरी वाट्याला येतंच. केंद्र सरकारच्या २०२४च्या कालवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील व्यक्तींची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. रात्री साडेदहाला मूग भिजवणं, सकाळी ते फडक्यात बांधणं, दही विरजणं, अंडी उकडून ठेवणं ही सगळी त्या २८९ मधली कामं. नाश्त्याची पाककृती सोपी केल्याने ही मिनिटं फारशी कमी होत नाहीत. ती वाटून घेतली तरच होतात.

काही घरांनी ती वाटलेली दिसतात, आणि वाटणी पदार्थावर नसून वेळेवर आहे. जो रात्री उशिरा येतो त्याने भिजवायचं. ज्याची गाडी उशिराची आहे त्याने तवा सांभाळायचा. मुलांनी शेंगदाणे सोलून कूट करायचं. मग आठवडा असा जातो: सोमवारी रविवारच्या पिठाच्या इडल्या, मंगळवारी उरलेल्या पिठात कांदा-टोमॅटो घालून उत्तप्पा. बुधवारी मुगाची धिरडी. डाळ रात्री भिजलेली, सकाळी मिक्सरला एक गिरकी. गुरुवारी उपास असेल तर साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, उपास नसेल तर दडपे पोहे आणि अंडं. शुक्रवारी हरभऱ्याची डाळ आणि पोळी. शनिवारी थालीपीठ. यातल्या एकाही दिवशी सकाळची पंधरा मिनिटांपेक्षा जास्त शेगडी लागत नाही. रोज फळ एक, जे हंगामात स्वस्त असेल ते.

कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. ती मार्गिका सुरू झाली, गाड्या वाढल्या आणि अंबरनाथच्या माणसाला अंबरनाथमध्येच बसायला जागा मिळाली, तर ‘रिटर्न’ची वीस-पंचवीस मिनिटं घराला परत मिळतील. त्या वेळात दोन माणसांची थालीपिठं आरामात होतात.

तोवर रविवार आहे. रविवारी सकाळी तिन्ही शहरांतल्या गिरण्यांसमोर पुरुषांची रांग असते, स्टीलचे डबे घेऊन. दिवाळीच्या तोंडावर ती दुप्पट होते, कारण थालीपिठाच्या भाजणीबरोबर चकलीची भाजणीही दळायला आलेली असते, आणि दोन्ही डबे वरून सारखेच दिसतात. गिरणीवाला विचारतो, थालीपिठाची कुठली? बारीक हवी का रवाळ? कशावर दळू? डबेवाला खिशातून मोबाइल काढतो आणि घरी फोन लावतो. मागची रांग थांबते. पलीकडून आवाज येतो, तो गिरणीच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू जातो: लाल झाकणाची थालीपिठाची, जरा रवाळ, आणि गव्हावर दळू नका म्हणावं.